समीक्षकाचा निकाल आणि रसिकांचे अपील : ब्रॉडवे संगीतिकेच्या इतिहासातील एक अभ्यास (१९१५ ते २०२४)

१. प्रस्तावना

न्यूयॉर्क शहरात, मुख्यतः टाइम्स स्क्वेअरच्या परिसरात असलेल्या एक्केचाळीस मोठ्या नाट्यगृहांना मिळून 'ब्रॉडवे' असे संबोधले जाते. या नाट्यगृहांत सादर होणारी संगीतिका, म्हणजेच 'म्युझिकल', हा विसाव्या शतकातील अमेरिकेचा अत्यंत लोकप्रिय आणि तितकाच खर्चिक नाट्यप्रकार होय. मराठी वाचकाला तिचे नाते सहजच आपल्या संगीत नाटकाशी जोडावेसे वाटते. दोहोंत कथानक, संवाद आणि गायन यांचा मेळ असतो हे खरे. परंतु दाद देण्याची रीत मात्र भिन्न आहे. आपल्या संगीत रंगभूमीवर रसिकाला पद आवडले की तो 'वन्स मोअर'ची मागणी करी आणि त्याची पसंती त्याच क्षणी, त्याच प्रयोगात नोंदली जाई. आजच्या ब्रॉडवेवर चालू प्रयोगात गाणे पुन्हा म्हणण्याची प्रथा नाही. गाणे पुन्हा ऐकायचे असेल तर रसिकाने पुन्हा तिकीट काढावे किंवा ध्वनिमुद्रिका विकत घ्यावी, हेच दोन मार्ग त्याच्यापुढे उरतात. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

नव्या संगीतिकेचा शुभारंभ झाला की वृत्तपत्रांत तिची परीक्षणे प्रसिद्ध होतात. ती प्रतिकूल असली की त्या संगीतिकेवर प्रेम करणारा रसिक दुखावला जातो, रागावतो आणि समीक्षकाच्या अधिकारालाच आव्हान देतो. हा वाद अभिरुचीचा आहे असे वरवर पाहता वाटते. मात्र इतिहासाच्या अंगाने पाहिल्यास त्यात आणखी एक प्रश्न दडलेला दिसतो. एखाद्या प्रयोगाविषयी पुढील पिढ्यांपर्यंत कोणाचे म्हणणे पोहोचावे, हा तो प्रश्न होय. प्रतिकूल परीक्षणांना रसिकांनी कोणकोणत्या मार्गांनी उत्तर दिले, त्यांपैकी कोणते मार्ग परिणामकारक ठरले आणि या प्रतिसादाची नोंद इतिहासात कितपत झाली, याचा शोध घेणे हा या लेखाचा उद्देश आहे.

२. परीक्षणाला सत्ता कोठून प्राप्त झाली?

ब्रॉडवेवरील परीक्षणाचे सामर्थ्य समजून घेण्यासाठी तेथील अर्थव्यवहार लक्षात घेणे आवश्यक आहे. संगीतिकेचे भांडवल गुंतवणूकदारांकडून उभे केले जाते आणि पडदा उघडण्यापूर्वीच त्यातील बहुतांश रक्कम खर्च झालेली असते. त्यानंतर नट, वादक व रंगमंच-कामगार यांचे वेतन, नाट्यगृहाचे भाडे आणि जाहिरात हा साप्ताहिक खर्च सुरू होतो. आठवड्याला साधारणपणे आठ प्रयोग होतात. त्यांचे उत्पन्न या खर्चाहून कमी पडू लागले की संगीतिका बंद करण्याखेरीज गत्यंतर राहत नाही. शिवाय उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली घसरल्यास नाट्यगृह रिकामे करून घेण्याचा अधिकार मालकाने करारात सामान्यतः राखून ठेवलेला असतो. त्यामुळे रसिकांनी परस्परांना सांगून एखादी कृती हळूहळू लोकप्रिय होण्यास जो अवधी लागतो, तोच बहुधा मिळत नाही. परीक्षणाची सत्ता ही मूलतः या अवधीवरील सत्ता आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात समीक्षक शुभारंभाचा प्रयोग पाहून लगोलग कार्यालयात जात आणि तास-दीड तासात परीक्षण लिहून देत. पहाटेच्या अंकात ते छापून येई. सार्डीज या उपाहारगृहात त्या अंकांची वाट पाहत बसलेली निर्माता-नटमंडळी हे ब्रॉडवेच्या आख्यायिकांतील एक नेहमीचे दृश्य आहे. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये दैनिकांची संख्या मोठी असल्याने एका समीक्षकाच्या मताला दुसऱ्याच्या मताचा उतारा असे.

पुढे ही परिस्थिती पालटली. डिसेंबर १९६२ ते मार्च १९६३ या काळात न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत ११४ दिवसांचा संप झाला. संपकाळातच, जानेवारी १९६३ मध्ये, लंडनहून आलेली 'ऑलिव्हर!' ही संगीतिका ब्रॉडवेवर सुरू झाली. दुसऱ्या दिवशीच्या नेहमीच्या परीक्षणांवाचूनही तिचे ७७४ प्रयोग झाले. अर्थात लंडनमधील यशाची कीर्ती तिच्या आधीच पोहोचलेली होती. त्यामुळे परीक्षणे अनावश्यक आहेत असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. या संपाचा खरा परिणाम नंतर दिसला. आर्थिक दृष्ट्या खिळखिळी झालेली दैनिके एकामागून एक बंद पडली किंवा एकमेकांत विलीन झाली आणि १९६७ पर्यंत 'न्यूयॉर्क टाइम्स', 'डेली न्यूज' व 'न्यूयॉर्क पोस्ट' ही तीनच प्रमुख दैनिके उरली. 'टाइम्स'च्या समीक्षकाचे वजन एकदम वाढले. त्या पदावरील व्यक्ती पूर्वीपेक्षा अधिक जाणकार झाली असे नव्हे, तर तिच्या मताला छेद देणारे इतर आवाज नाहीसे झाले. १९८० ते १९९३ या काळात हे पद भूषविणारे फ्रँक रिच यांना 'ब्रॉडवेचा कसाई' असे बिरुद मिळाले. त्यांच्या लेखणीच्या धारेइतकीच ही बदललेली परिस्थितीही त्याला कारणीभूत होती.

३. प्रेक्षकांच्या नावाने : निर्मात्यांचा प्रतिकार

समीक्षकांशी पहिली उघड लढाई रसिकांनी नव्हे, तर निर्मात्यांनी केली. १९१५ साली 'टाइम्स'चे तरुण समीक्षक अलेक्झांडर वुलकॉट यांनी 'टेकिंग चान्सेस' या विनोदी नाटकाचे प्रतिकूल परीक्षण लिहिले. त्यावर अनेक नाट्यगृहांचे मालक असलेल्या शूबर्ट बंधूंनी वुलकॉट यांना आपल्या नाट्यगृहांत प्रवेशबंदी केली. 'टाइम्स'ने न्यायालयात दाद मागितली. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने शूबर्ट यांच्या बाजूने निकाल दिला. वंश, पंथ वा वर्ण या कारणांवरून प्रवेश नाकारणे बेकायदेशीर असले, तरी एखादा समीक्षक नको म्हणून त्याला दाराशी अडवणे कायद्याने निषिद्ध नाही, असा त्याचा आशय होता. परंतु दरम्यान 'टाइम्स'ने शूबर्ट यांच्या जाहिराती छापणे बंद केले होते. अखेरीस शूबर्ट यांनाच माघार घ्यावी लागली. कायद्याने निर्माता जिंकला आणि व्यवहारात वृत्तपत्र जिंकले.

दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. २७ डिसेंबर १९६१ रोजी 'सबवेज आर फॉर स्लीपिंग' ही संगीतिका सुरू झाली. परीक्षणे फारशी अनुकूल नव्हती. निर्माते डेव्हिड मेरिक यांनी त्या वेळच्या सात प्रमुख दैनिकांच्या समीक्षकांची जी नावे होती, नेमकी तीच नावे असलेली सात सामान्य माणसे दूरध्वनी-निर्देशिकेतून शोधून काढली. त्यांना संगीतिका दाखवली, भोजन दिले आणि त्यांच्या नावे मुक्तकंठाने स्तुती करणारी विधाने छापण्याची संमती मिळवली. ही कल्पना मेरिक यांच्या मनात बराच काळ घोळत होती. मात्र ब्रूक्स ॲटकिन्सन हे नाव असलेला दुसरा माणूस सापडत नसल्याने ॲटकिन्सन 'टाइम्स'मधून निवृत्त होईपर्यंत त्यांना थांबावे लागले. ४ जानेवारी १९६२ रोजी ही जाहिरात 'हेरल्ड ट्रिब्यून'च्या एका आवृत्तीत प्रसिद्ध झाली. सोबत छापावयाचे एक छायाचित्र त्या नावाच्या समीक्षकाचे नाही, हे इतर दैनिकांच्या ध्यानात आल्याने ती अन्यत्र छापली गेली नाही. संगीतिकेचे २०५ प्रयोग झाले.

हा प्रसंग विनोदी किस्सा म्हणून नेहमी सांगितला जातो. त्यात एक गंभीर अर्थही आहे. मेरिक यांचा युक्तिवाद असा, की समीक्षकाच्या नावाला महत्त्व असेल तर त्याच नावाच्या सामान्य प्रेक्षकाच्या मताला का नसावे? परंतु ही सात माणसे स्वयंस्फूर्तीने बोलत नव्हती. त्यांची स्तुती निर्मात्याने रचलेली होती. 'प्रेक्षकांचे मत' म्हणून जे नोंदले गेले ते प्रत्यक्षात निर्मात्याचे मत होते. रसिकांच्या प्रतिसादाचा इतिहास लिहिताना हा धोका सतत ध्यानात ठेवावा लागतो.

४. तिकीटखिडकीवरील उत्तर

रसिकांचे स्वतःचे, आणि सर्वांत जुने, उत्तर तिकीटखिडकीवर दिले गेले. याचे गाजलेले उदाहरण संगीतिकेचे नसून एका गद्य नाटकाचे आहे. परंतु पुढील प्रत्येक वादात त्याचा दाखला दिला गेल्याने त्याचा उल्लेख आवश्यक ठरतो. ॲन निकोल्स यांचे 'एबीज आयरिश रोज' हे नाटक मे १९२२ मध्ये आले. ज्यू तरुण आणि आयरिश कॅथलिक तरुणी यांच्या विवाहाची ही कथा अनेक समीक्षकांना अत्यंत सामान्य वाटली. त्या काळच्या 'लाइफ' या विनोदी साप्ताहिकात रॉबर्ट बेंचली यांना चालू नाटकांवर दर आठवड्याला एक-दोन ओळींचा अभिप्राय द्यावा लागे. हे नाटक बंदच होईना, तेव्हा आठवड्यामागून आठवडे नवनवी निंदा शोधण्याची पाळी त्यांच्यावर आली. नाटकाचे २,३२७ प्रयोग झाले. स्थलांतरितांच्या त्या शहरात मिश्रविवाहाचा विषय असंख्य कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा होता. समीक्षकांनी नाटकाची रचना पाहिली, प्रेक्षकांनी त्यात आपले घर पाहिले.

सप्टेंबर १९३८ मध्ये आलेल्या 'हेल्झापॉपिन' या संगीत-विनोदी कार्यक्रमाच्या वाट्याला असाच अनुभव आला. बहुतेक समीक्षकांनी त्याला धांगडधिंगा ठरवले. स्तंभलेखक वॉल्टर विंचेल यांनी मात्र आपल्या स्तंभातून त्याची पाठराखण केली आणि त्याचे १,४०४ प्रयोग झाले. येथे रसिकांच्या बाजूने उभा राहिलेला आवाजही एका वृत्तपत्रातीलच होता, हे विसरता येत नाही.

तिकीटखिडकीवरील उत्तराला मात्र एक मोठी मर्यादा आहे. पहिल्या काही आठवड्यांत पुरेशी माणसे आली तरच ते देता येते. ज्या कृतीचा रसिक संख्येने थोडा, विखुरलेला किंवा अद्याप तयार व्हावयाचा आहे, तिच्या बाजूने हे उत्तर देताच येत नाही. अशा कृतींच्या मदतीला एक वेगळेच साधन आले.

५. ध्वनिमुद्रिका आणि पुनर्विचार

१९४३ साली 'ओक्लाहोमा!' या संगीतिकेतील गाणी मूळ नटसंचाच्या आवाजात ध्वनिमुद्रित होऊन मोठ्या प्रमाणावर खपली आणि तेव्हापासून अशा ध्वनिमुद्रिकांची प्रथा ब्रॉडवेवर रूढ झाली. १९४८ मध्ये दीर्घकाळ वाजणारी तबकडी आल्यावर संगीतिकेतील बहुतेक सर्व गाणी एकाच तबकडीवर मावू लागली. प्रयोग पाहिलाच नाही अशा व्यक्तीलाही आता संगीतिकेचा रसिक होता येऊ लागले.

याचा परिणाम 'पॅल जोई'च्या बाबतीत स्पष्ट दिसतो. रिचर्ड रॉजर्स यांचे संगीत आणि लोरेन्झ हार्ट यांची गीते असलेली ही संगीतिका २५ डिसेंबर १९४० रोजी सुरू झाली. तिचा नायक एक स्वार्थी, स्त्रियांच्या जिवावर जगणारा रात्रमंडळातील नर्तक होता. ब्रूक्स ॲटकिन्सन यांनी तिच्या कारागिरीला दाद दिली. परंतु इतक्या ओंगळ विषयातून रुचकर असे काही निर्माण होऊ शकते काय, अशी मूलभूत शंकाही त्यांनी उपस्थित केली. त्या परीक्षणाने हार्ट अत्यंत व्यथित झाले असे सांगितले जाते. संगीतिकेचे ३७४ प्रयोग झाले. १९४३ मध्ये हार्ट यांचे निधन झाले. त्यानंतर १९५० साली कोलंबिया कंपनीने या संगीतिकेची नवी ध्वनिमुद्रिका काढली. ती इतकी लोकप्रिय झाली की जानेवारी १९५२ मध्ये संगीतिकेचे पुनरुज्जीवन करण्यात आले. या वेळी ५४० प्रयोग झाले आणि न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षक मंडळाने तिला सर्वोत्तम संगीतिकेचा पुरस्कार दिला. खुद्द ॲटकिन्सन यांनीही आपले मत बदलून तिचे स्वागत केले. अकरा वर्षांपूर्वीच्या निकालाविरुद्धचे अपील त्याच न्यायाधीशापुढे मंजूर झाले. मात्र ज्याने ते ऐकायला हवे होते तो गीतकार हयात नव्हता.

स्टीफन सॉन्डहाइम यांच्या दोन संगीतिका या संदर्भात अभ्यसनीय आहेत. 'एनीवन कॅन व्हिसल' ही एप्रिल १९६४ मध्ये अवघ्या नऊ प्रयोगांनंतर बंद पडली. कोलंबियाचे गॉडर्ड लिबरसन यांनी ती बंद पडल्याच्या दुसऱ्या दिवशी तिचे ध्वनिमुद्रण केले. नाट्यगृहात थोड्याच लोकांनी पाहिलेली ही कृती तबकडीवरून पुढील कित्येक वर्षे ऐकली गेली.

'मेरिली वी रोल अलाँग'चा इतिहास याहून दीर्घ आणि अधिक गुंतागुंतीचा आहे. तीन मित्रांच्या यशाची आणि दुराव्याची ही कथा उलट्या क्रमाने, म्हणजे प्रौढ वयाकडून तारुण्याकडे, सांगितली जाते. हॅरॉल्ड प्रिन्स यांनी तिच्यासाठी अगदी तरुण नटसंच निवडला होता. १६ नोव्हेंबर १९८१ रोजी शुभारंभ झाला, परीक्षणे कठोर आली आणि सोळा प्रयोगांनंतर संगीतिका बंद झाली. येथे सर्व दोष समीक्षकांवर टाकणे अनैतिहासिक ठरेल. शुभारंभापूर्वीच्या जाहीर सराव-प्रयोगांतूनच अनेक प्रेक्षक उठून जात होते. अशा प्रसंगी 'समीक्षक विरुद्ध प्रेक्षक' अशी सरळ विभागणी करता येत नाही. तरीही संगीतिका बंद झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी नटसंचाने ध्वनिमुद्रण पूर्ण केले आणि त्या ध्वनिमुद्रिकेभोवती हळूहळू एक नवा रसिकवर्ग तयार झाला. १९८५ पासून संहितेत आणि गीतांत फेरफार करून ती ठिकठिकाणी सादर होत राहिली. १९९२ साली इंग्लंडमधील लेस्टर येथे तिच्यात भूमिका केलेल्या मारिया फ्रीडमन यांनी २०१२ मध्ये लंडनमध्ये तिचे दिग्दर्शन केले. फ्रीडमन यांचाच प्रयोग ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रॉडवेवर आला आणि २०२४ मध्ये त्याला सर्वोत्तम पुनरुज्जीवित संगीतिकेसह चार टोनी पुरस्कार मिळाले. सॉन्डहाइम यांचे निधन नोव्हेंबर २०२१ मध्ये झाले होते. सोळा प्रयोगांच्या अपयशापासून या गौरवापर्यंत बेचाळीस वर्षांचा काळ लोटला.

या उदाहरणांतून एक सूत्र हाती लागते. रसिकांनी समीक्षकाचे मत खोडून काढले म्हणून या कृती तरल्या नाहीत. रसिकांनी त्या ऐकत राहून, वाजवत राहून आणि पुनःपुन्हा सादर करून जपल्या म्हणून पुनर्विचारास काहीतरी शिल्लक राहिले.

६. चाहत्यांचा समूह

१९९० नंतर रसिक समूहाने, आपल्या नावानिशी पुढे येऊ लागला. १९९६ साली आलेल्या 'रेंट'ची परीक्षणे अत्यंत अनुकूल होती. तिचा येथे उल्लेख वेगळ्या कारणासाठी करावा लागतो. पहिल्या रांगांतील काही आसने त्याच दिवशी वीस डॉलरला विकण्याची पद्धत तिच्या निर्मात्यांनी सुरू केली. त्यासाठी तरुण मुले-मुली नाट्यगृहाबाहेर तासन्तास रांगेत थांबू लागली. त्यांना 'रेंटहेड' असे नाव पडले. एकच संगीतिका वारंवार पाहणारा आणि स्वतःला त्या नावाने ओळखणारा प्रेक्षक आता दृश्यमान झाला.

एप्रिल १९९७ मध्ये आलेल्या 'जेकिल अँड हाइड'च्या चाहत्यांना 'जेकी' म्हटले जाई. ब्रॉडवेवर येण्यापूर्वीच ध्वनिमुद्रिकांमुळे तिचा रसिकवर्ग तयार झालेला होता. परीक्षणे प्रतिकूल असूनही जानेवारी २००१ पर्यंत तिचे १,५४३ प्रयोग झाले. परंतु इतके प्रयोग होऊनही गुंतवणूकदारांचे सर्व भांडवल वसूल झाले नाही. दीर्घायुष्य आणि नफा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

३० ऑक्टोबर २००३ रोजी आलेली 'विकेड' ही या संदर्भातील सर्वांत प्रसिद्ध संगीतिका. 'टाइम्स'चे बेन ब्रँटली यांनी क्रिस्टिन चेनोवेथ यांच्या अभिनयाची प्रशंसा केली, मात्र एकूण कृती त्यांना बोजड वाटली. २००४ चा सर्वोत्तम संगीतिकेचा टोनी पुरस्कारही 'ॲव्हेन्यू क्यू'ला मिळाला. तरीही सुमारे सव्वा वर्षात 'विकेड'चे भांडवल वसूल झाले. २०२३ मध्ये तिने 'कॅट्स'च्या ७,४८५ प्रयोगांना मागे टाकले. दोन तरुण स्त्रियांची मैत्री हा तिचा गाभा असल्याने किशोरवयीन मुली हा तिचा निष्ठावान प्रेक्षकवर्ग ठरला. अभ्यासक स्टेसी वुल्फ यांनी २०११ च्या आपल्या ग्रंथात या प्रेक्षकवर्गाची गांभीर्याने दखल घेतली आहे. या मुलींना संगीतिकेत जे दिसले ते 'बालिश' म्हणून बाजूला सारता येत नाही, हा अशा अभ्यासाचा महत्त्वाचा धडा आहे.

याच्या उलट उदाहरण 'बी मोअर चिल'चे आहे. २०१५ मध्ये न्यू जर्सीतील एका नाट्यगृहात ती सादर झाली आणि थांबली. मात्र तिच्या ध्वनिमुद्रणाने शालेय वयाच्या श्रोत्यांत असा प्रसार साधला की त्या बळावर मार्च २०१९ मध्ये तिला ब्रॉडवेवर प्रवेश मिळाला. प्रमुख परीक्षणे संमिश्र ते प्रतिकूल होती. चाहत्यांचे प्रेम अढळ होते, तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये ती बंद झाली. तिचे चाहते देशभर विखुरलेले आणि वयाने लहान होते. न्यूयॉर्कचा प्रवास आणि महागडे तिकीट त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. ज्यांनी संगीतिका ब्रॉडवेपर्यंत आणली त्यांनाच ती तेथे टिकवता आली नाही. रसिकांचे प्रेम आणि रसिकांची ऐपत यांतील हे अंतर कोणत्याही परीक्षणाइतकेच निर्णायक असते.

७. आक्षेप आणि त्यांचे मूल्यमापन

प्रतिकूल परीक्षणांवर चाहते जे आक्षेप घेतात ते मुख्यतः तीन आहेत. समीक्षक प्रयोग एकदाच पाहतो, हा पहिला. तो पदरचे पैसे खर्च करीत नाही, हा दुसरा. आणि ही कृती ज्यांच्यासाठी आहे त्या वयाचा, वर्गाचा वा अनुभवाचा तो नाही, हा तिसरा.

यांपैकी दुसरा आक्षेप दुबळा आहे. स्वतः पैसे न देणारा समीक्षक पैसे देणाऱ्या वाचकाचा प्रतिनिधी म्हणून बोलतो आणि निर्मात्याच्या जाहिरातीवर तोच एक स्वतंत्र अंकुश असतो. मेरिक यांच्या सात 'समीक्षकांची' कथा या अंकुशाची गरज अधोरेखित करते. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. परंतु बहुसंख्य प्रेक्षकही प्रयोग एकदाच पाहतात, आणि एकाच दर्शनात कृतीने काय दिले हे सांगणे ही समीक्षकाची रास्त भूमिका आहे. तिसरा आक्षेप मात्र दीर्घकाळ टिकणारा आहे. 'एबीज आयरिश रोज'चा स्थलांतरित प्रेक्षक, 'विकेड'मधील किशोरी आणि 'बी मोअर चिल'चा एकाकी शाळकरी मुलगा हे वृत्तपत्रीय समीक्षकाच्या कल्पनेतील 'वाचक' नव्हते. कृतीचा अर्थ काही अंशी पाहणाऱ्याच्या अनुभवातून सिद्ध होत असेल, तर हे प्रेक्षक ज्याचे साक्षीदार होते तो अर्थ परीक्षणात उतरलाच नाही.

तथापि चाहत्यांचे मत म्हणजे एकमुखी लोकमत असे मानणेही चुकीचे ठरेल. मे १९८८ मध्ये 'कॅरी' ही संगीतिका ब्रॉडवेवर आली. तिच्या सराव-प्रयोगांत एकाच प्रेक्षागृहातून धिक्काराचे आवाजही उठले आणि प्रमुख अभिनेत्रींसाठी उभे राहून टाळ्याही वाजल्या. पाच प्रयोगांनंतर ती बंद पडली आणि तिचे नाव अपयशाचा पर्याय बनले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रॉडवेवरील फसलेल्या संगीतिकांच्या इतिहासाच्या शीर्षकातच केन मँडेलबॉम यांनी 'कॅरी'चे नाव घेतले. मूळ नटसंचाची अधिकृत ध्वनिमुद्रिका निघाली नाही. चाहत्यांनी नाट्यगृहात चोरून केलेली ध्वनिमुद्रणे मात्र हातोहात फिरत राहिली. २०१२ मध्ये सुधारित रूपात ती न्यूयॉर्कच्या एका छोट्या नाट्यगृहात पुन्हा आली आणि तेव्हा तिची अधिकृत ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. नियमभंग करून केलेली ती मुद्रणे नैतिक दृष्ट्या समर्थनीय आहेत काय, हा प्रश्न खुला आहे. पण १९८८ च्या त्या प्रयोगांचा आवाज आज ऐकता येतो तो प्रामुख्याने त्यांच्यामुळेच, हे नाकारता येत नाही.

८. साधनांचा प्रश्न

येथे आपण या लेखाच्या मध्यवर्ती मुद्द्याशी येतो. परीक्षण हे छापील, दिनांकित आणि स्वाक्षरीयुक्त साधन आहे. ते ग्रंथालयांत जतन होते, त्याची सूची होते आणि पन्नास वर्षांनंतरच्या संशोधकालाही ते सहज मिळते. रसिकाचा प्रतिसाद टाळ्यांत, रांगेत, घरातील झिजलेल्या तबकडीत आणि स्मरणात असतो. वृत्तपत्रांच्या रविवारच्या अंकांत वाचकांची पत्रे छापली जात. परंतु ती निवडणारा संपादक त्याच वृत्तपत्राचा असे. परिणामी इतिहासकार परीक्षणावर विसंबतो आणि 'संगीतिका अयशस्वी ठरली' असे लिहितो, तेव्हा एका रात्रीत लिहिलेले मत नकळत इतिहासाचा निष्कर्ष बनते.

या उणिवेवरील एक उपाय म्हणून न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रयोगकला विभागात १९७० साली बेटी कॉर्विन यांनी नाट्यप्रयोगांच्या चित्रमुद्रणांचा संग्रह सुरू केला. संशोधकांना तेथे जाऊन ती मुद्रणे पाहता येतात. प्रयोगाचे प्रत्यक्ष साधन यामुळे उपलब्ध झाले, ही मोठीच उपलब्धी आहे. पण कॅमेरा रंगमंचाकडे वळलेला असतो, प्रेक्षागृहाकडे नव्हे. प्रेक्षकाचा इतिहास लिहिण्यासाठी तिकीटविक्रीचे आकडे, ध्वनिमुद्रिकांचा प्रसार, हौशी व शालेय संस्थांनी केलेले प्रयोग आणि मौखिक आठवणी अशी विखुरलेली साधने एकत्र आणावी लागतात. प्रत्येक साधनाची मर्यादा तपासावी लागते. तिकीटविक्री संख्या सांगते पण कारण सांगत नाही; आठवण कारण सांगते पण काळाच्या ओघात बदलते. आपल्याकडील संगीत रंगभूमीचा इतिहास शिकवताना आणि लिहितानाही ही सावधगिरी तितकीच उपयुक्त आहे. 'वन्स मोअर'ची आरोळी कोणत्याही दप्तरात नोंदली जात नाही.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, ब्रॉडवेवरील परीक्षणाची सत्ता ही समीक्षकाच्या प्रतिभेपेक्षा साप्ताहिक खर्चाच्या गणितातून आणि दैनिकांची संख्या घटल्याने निर्माण झाली. दुसरा, रसिकांचा तात्कालिक निषेध क्वचितच परिणामकारक ठरला. त्यांचे सातत्याने केलेले जतन मात्र अनेकदा ठरले. 'पॅल जोई'ला अकरा, 'कॅरी'ला चोवीस आणि 'मेरिली'ला बेचाळीस वर्षे लागली. तिसरा, चाहत्यांचे प्रेम कृतीला जिवंत ठेवू शकते, पण आर्थिक यशाची हमी देऊ शकत नाही. चौथा, आणि इतिहासाच्या अभ्यासकांसाठी सर्वांत महत्त्वाचा, असा की परीक्षण हे एका रात्रीच्या अनुभवाचे साधन आहे. त्याला तेवढेच मूल्य द्यावे.

१९६० साली ब्रूक्स ॲटकिन्सन निवृत्त झाले तेव्हा ब्रॉडवेवरील एका नाट्यगृहाला त्यांचे नाव देण्यात आले. समीक्षकाच्या वाट्याला असा सन्मान क्वचितच येतो. २०२२ मध्ये त्याच नाट्यगृहाला गायिका-अभिनेत्री लीना हॉर्न यांचे नाव देण्यात आले. नाट्यगृहांवरील नावे बदलतात, तसे निकालही बदलतात. निकाल कधी आणि कोणामुळे बदलला हे नोंदवताना, ज्या अनामिक रसिकांनी तो बदलेपर्यंत ती गाणी जपली त्यांनाही इतिहासात जागा मिळावी, एवढीच अपेक्षा.